लायपेजने फॅट बनवतोय, एफएफए का वाढतोय?

तेलकट_पोरगा:
एमटेकचा प्रोजेक्ट आहे. पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) आणि सोयाबीन तेल मिक्स करून लायपेज या एन्झाईमने इंटरएस्टरिफिकेशन (तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडांची अदलाबदल) करतोय, बेकरी शॉर्टनिंगसाठी, म्हणजे बेकरीत लागणाऱ्या घट्ट फॅटसाठी. सिलिकावर बसवलेलं एन्झाईम, तेलाच्या ५ टक्के, ७० डिग्रीला ढवळत ठेवतो. मेल्टिंग पॉइंट मस्त खाली आला म्हणजे रिअ‍ॅक्शन होतेय, पण एफएफए (तेलातली सुटी फॅटी अ‍ॅसिडं) ०.१ टक्क्यावरून थेट २ च्या वर! गाईड म्हणतात एन्झाईम गेलंय नवीन मागव, पण ते केवढ्याला पडतं माहितीये ना

घाणेवाले_काका:
अरे एन्झाईम गेलं असतं तर मेल्टिंग पॉइंट हललाच नसता. पाणी बघ आधी. लायपेजचा धंदाच मुळात तेल तोडायचा, पाणी मिळालं की फॅटी अ‍ॅसिड सुटं करतं आणि पाणी नसलं की तीच अ‍ॅसिडं इकडून काढून तिकडे बसवत राहतं. एन्झाईममध्ये ५ टक्के ओलावा धर, म्हणजे १०० ग्रॅम तेलामागे पाव ग्रॅम पाणी, तेवढं सगळं खपलं तर एफएफए ४ च्या आसपास जातो. तुझे २ त्यातच आले की. एन्झाईममधलं पाणी पहिल्या बॅचमध्येच खपतं, म्हणून ती बाजूला काढ, तेच एन्झाईम गाळून पुढच्या बॅचला वापर, आणि तेल व्हॅक्यूममध्ये सुकवून घे.

खारी_बटर:
मधेच विचारतो, आमची बेकरी आहे. हा शेवटी डालडाच ना?

घाणेवाले_काका:
नाही हो. डालडा म्हणजे वनस्पती तूप, त्यात निकेल घालून तेलात हायड्रोजन सोडायचा, तो अर्धवट राहिला की ट्रान्स फॅट तयार होतं. इथे हायड्रोजनचा संबंधच नाही, आहेत तीच अ‍ॅसिडं जागा बदलतात. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयची ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाली, त्यामुळे या पद्धतीला भाव आलाय. सॅच्युरेटेड फॅट मात्र आहे तेवढंच राहतं, पाम स्टिअरिन कुठे जाणार! एन्झाईमऐवजी सोडियम मेथॉक्साइड या रसायनानेही हे होतं, स्वस्तात होतं, पण साबण होतो, तेल वाया जातं, रंग काळपटतो आणि वर धुवत बसा.

तेलकट_पोरगा:
काका, तेल सुकवून तेच एन्झाईम परत घातलं, एफएफए १ च्या खाली आलाय 🙏 गाईडना अजून सांगितलं नाही

घाणेवाले_काका:
छान. आता पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट होतंय त्याचं माप) पण तपास, जुनं खवट तेल घातलंस तर मात्र एन्झाईम खरंच मरेल.