मदत हवी आहे: लेगोच्या स्टॉप-मोशन फिल्ममध्ये उजेड लुकलुकतोय

मुलांसोबत लेगोची छोटी स्टॉप-मोशन फिल्म (वस्तू थोडी थोडी हलवत काढलेले फोटो सलग जोडून) करतोय. अँड्रॉइड फोन ट्रायपॉडवर, 'स्टॉप मोशन स्टुडिओ' अ‍ॅप, सेकंदाला 12 फ्रेम. हालचाल छान जमतेय. लेगोच्या माणसाला एकेक बटण (पाटीवरचा गोल उंचवटा) पुढे सरकवायचं काम धाकटीकडे आहे आणि ती ते श्वास रोखून करते. अडचण उजेडाची आहे. फिल्म चालवली की चित्र सतत कमी-जास्त उजळ होतं, पिवळ्या भिंतीवर तर फारच जाणवतं.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही लॉक केलेत. शूटिंग रात्री, पडदे ओढून. फोटो ब्लूटूथ रिमोटने काढतो, सगळे गडद कपड्यांत ठरलेल्या जागी बसतो. थोडा फरक पडला, पण लुकलुक गेली नाही. दिवे म्हणजे घरातलेच दोन 9 वॉटचे एलईडी बल्ब. वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 सेकंद उघडं राहील असं ठेवलंय.

नवा कॅमेरा घेणं शक्य नाही, आणि सेट अजून मोडायचा नाही. शटर आणखी संथ, म्हणजे 1/10 करून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) उतरवला तर हे थांबेल, की बल्बच बदलावेत? बदलायचे तर दुकानात नेमकं काय बघून घ्यायचे? आणि काढून झालेल्या फ्रेमचा उजेड फोनवरच सारखा करता येतो का?