हवाईत उलांडी लावलेल्या शिडाच्या होडीतून आईला आणि मुलांना न्यावं का?

जुळेसोलापूरची_मेघा

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ हवाईत, ओआहू बेटावर कैलुआला राहतो. शाळांना सुट्टी लागली की मे महिन्यात आम्ही सोलापूरहून त्याच्याकडे चाललोय. मी, आमचे हे, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा आणि आई, वय ६६. भावाच्या शेजाऱ्यांकडे तिथली पारंपरिक पद्धतीची होडी आहे. लांब, अरुंद, आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर तरंगता ओंडका, म्हणजे उलांडी, बांधलेला. वर शीड. सुट्टीच्या दिवशी ते घरच्या सगळ्यांना घेऊन जातात आणि आम्हालाही या म्हणालेत.

पोहता फक्त ह्यांना येतं. आईने आयुष्यात पाणी पाहिलं ते सिद्धेश्वर तळ्याचं आणि पंढरपूरला चंद्रभागेचं. पण भावाने फोटो पाठवल्यापासून तीच म्हणतेय की मी बसणार. न्यावं का? न्यायचं तर काय काय बघावं? कुणी गेलं असेल तर नीट सांगा.

विजापूररोड_काका

मेघाताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते तर धरणाचं पाणी होतं. तुम्ही समुद्राचं बोलताय. पोरं आणि आई पोहत नाहीत. वाळूवर बसा, फोटो काढा, समाधान माना. आणि बसायचंच ठरलं तर अंगात लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय टाकू नये, तिथल्या माणसांनी कितीही हसून "काही होत नाही" म्हटलं तरी.

साखरपेठ_ते_कैलुआ

मेघा, काकांनी जॅकेटचं लिहिलंय ते आधी मनावर घे. पण बेत रद्द करू नकोस. माझ्या यजमानांची नोकरी तिकडे होती तेव्हा आम्ही काही वर्षं कैलुआलाच राहिलो आणि ओळखीच्या एका कुटुंबासोबत अशाच होडीतून जायचो. सासूबाई सोलापूरहून आल्या की त्याही यायच्या. त्यामुळे जे अंगावरून गेलंय तेवढंच लिहिते.

सगळ्यात आधी बघायचं ते पाणी कुठलं आणि वारा कुठून. हवाईत वर्षातला बराच काळ ईशान्येचा वारा असतो, उन्हाळ्यात तर अगदी नेमाने. कैलुआ बेटाच्या त्याच अंगाला आहे, म्हणजे वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो. काही बिनसलं, शीड उतरवावं लागलं, तरी होडी वाहत वाळूकडेच येते. वाइकीकीचा किनारा बेटाच्या दक्षिणेला. तिथं तोच वारा जमिनीकडून समुद्रात जातो, त्यामुळे काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं आणि नवखा माणूस निर्धास्त होतो, पण हात थांबले की होडी बाहेर बाहेर सरकते. शिवाय वाइकीकीला पर्यटकांना मिळते ती बहुतेक वल्ह्यांची होडी, लाट पकडून किनाऱ्याकडे घसरत येणारी. तीही सुंदर असते, पण तू विचारतेयस ती ही नव्हे. शेजाऱ्यांनी कैलुआ म्हटलंय ना, मग पहिली काळजी मिटली.

वारा किती, हे त्या दिवशी सकाळी बघा. ताशी १० ते १२ सागरी मैल म्हणजे म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर असताना उत्तम. १५ ला होडी जोरात पळते, पण सगळे भिजतात आणि लहान मुलं रडायला लागतात. २० च्या वर अंदाज असला की आम्ही वाळूवरच डबा उघडायचो. समुद्रभर पांढरा फेस उठलेला दिसला तर यजमानांच्या उत्साहाला भुलू नका. "आज नको, उद्या बघू" असं म्हणायला लाजू नये. तिथली जाणती माणसं स्वतःच तसं म्हणतात.

आता होडी. उलांडी नेहमी डाव्या अंगाला असते, तिला तिकडे 'आमा' म्हणतात. वारा डावीकडून आला की शीड होडीला उजवीकडे ढकलतं आणि आमा पाण्यातून वर उठायला लागते. तेव्हा एक-दोन मोठ्या माणसांनी दांड्यांवर ताणलेल्या जाळीवर, आमाच्या दिशेला सरकायचं. वारा उजवीकडून आला तर आमा पाण्यात दाबली जाते. ती तरंगते म्हणून होडी सांभाळली जाते, पण फार बुडाली तर होडी तिकडे ओढ घेते. मग वजन उजवीकडे. म्हणजे बसलेल्या प्रत्येकाचं वजन सतत कामाला लागलेलं असतं. ही सहल म्हणजे तिकीट काढून खिडकीशी बसणं नव्हे. मला वाटतं त्यामुळेच घरच्यांना घेऊन जायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण इथं कुणीच नुसतं बघत बसत नाही.

निघायच्या आधी दांडे जिथं होडीला आणि आमाला बांधलेले असतात तिथं हात लावून बघा. तिथं खिळा नाही, बोल्ट नाही, नुसती बांधणी. कुठे दोरी, कुठे रबराच्या पट्ट्या, एकावर एक वेढे घट्ट बसवलेले. पूर्वी नारळाच्या काथ्याची दोरी असायची. बांधणीला थोडी लवचीकता असते म्हणून लाटेचा पीळ दांड्यांवर येऊन ते मोडत नाहीत. माझे वडील मागावर ताण्याचा एकेक भाग बोटाने चाचपून बघायचे, कुठे सैल नाही ना; होडीवाले काका अगदी तसे प्रत्येक वेढ्यावर अंगठा दाबत जायचे आणि सगळे वेढे एकसारखे लागले तरच होडी पाण्यात ढकलायचे. तुझ्या मुलीला ते काम द्या. ९ वर्षांच्या बोटांना ते छान कळतं.

आईला बसवायचं ते होडीच्या पोटात, दोन आडव्या दांड्यांच्या मधल्या जागेवर. तिथं हेलकावा सगळ्यात कमी आणि धरायला दोन्हीकडे काठ. सासूबाईंच्या हातात आम्ही पाणी उपसायचं भांडं द्यायचो. दुधाचा प्लास्टिकचा मोठा कॅन तळाशी तिरका कापलेला, मूठ तशीच ठेवलेली, दोरीने होडीला बांधलेला. वारा असला की पाणी आत येतंच. त्या मान खाली घालून एका लयीत उपसत राहायच्या आणि मधेच वर बघून विचारायच्या, "ते लांबचं बेट मगाशी उजवीकडे होतं ना ओ?" त्यांना भीती वाटली नाही असं नाही. हाताला काम होतं, म्हणून भीती मागे राहिली.

उलटलीच तर? उलटते कधीकधी, आणि ते आधीच घरच्यांशी मोकळेपणी बोलून ठेवा. तिकडे त्याला 'हुली' म्हणतात. बसायच्या जागेप्रमाणे प्रत्येकाला आकडा दिलेला असतो. पाण्यात पडल्या पडल्या क्रमाने आकडे ओरडायचे. एकही आकडा राहिला तर बाकी सगळं सोडून आधी त्याला शोधायचं. होडी बुडत नाही, तिला धरून राहायचं, पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही. मग जाणती माणसं शीड मोकळं करतात, पालथ्या होडीवर उभी राहून दांड्याला धरून मागे झुकतात आणि आमा वरून फिरून परत जागेवर येते. नंतर उपसणं. शेजाऱ्यांना विचार, काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात एकदा करून दाखवाल का म्हणून. दाखवायला तयार नसतील तर मी माझी मुलं त्यांच्यासोबत पाठवणार नाही.

पहिल्या दिवशी पोपोइआपर्यंतच जा. कैलुआच्या उपसागरातलं चपटं बेट आहे, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरही नाही. समुद्रपक्षी तिथं जमिनीत बिळं करून अंडी घालतात, पाय पडला की बीळ ढासळतं, म्हणून बाहेरूनच बघायचं. मोकुलुआची जोडबेटं फोटोत फार सुंदर दिसतात, पण तिथं उतरताना लाट लागते. आई सोबत असताना नको.

एक महत्त्वाचं. वाळूवर ठेवलेली होडी ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. निघताना कुणी दोन शब्द प्रार्थनेचे म्हणालं तर गप्प उभं राहायचं. तिथल्या लोकांसाठी होडी घरातल्या माणसासारखी आहे आणि पाहुण्यांची मुलं तिच्यावर उड्या मारताना बघून त्यांना वाईट वाटतं, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच.

देवगडकर_सध्या_सोलापुरात

ताईंनी उलांडी म्हटलं आणि बरं वाटलं. आमच्याकडे देवगड-मालवणला लहान होड्यांना अशीच एका बाजूला उलांडी असते. लहानपणी मी त्यातूनच गेलोय आणि ताई म्हणतात ते वजनाचं गणित तंतोतंत तसंच आहे. उलांडीच्या विरुद्ध काठावर सगळ्यांनी एकदम झुकायचं नाही, एवढं पोरांना शिकवा.

एक भर घालतो. हवाईत पूर्वी होडीचं अंग कोआ झाडाच्या एका बुंध्यातून कोरत आणि आमा विलीविली नावाच्या झाडाची करत, कारण ते लाकूड फार हलकं. ते झाड आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतलं. आडव्या दांड्यांचं 'हाऊ' हे झाड जास्वंदीच्या प्रजातीतलं. सध्या पांगारा लाल फुललाय, मुलांना दाखवा. पडलेली वाळकी फांदी मिळाली तर बादलीत टाकून किती वर तरंगते तेही दाखवा. आता बहुतेक होड्या फायबरच्या असतात, पण मांडणी तीच.

मेघाताई, जमलं तर आधी मालवणला दोन दिवस जाऊन या. आईंना होडीत चढणं-उतरणं जमतं का, मळमळतं का, ते इथंच कळेल.

जुळेसोलापूरची_मेघा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं म्हणणं घरात वाचून दाखवलं, जॅकेटशिवाय कुणी बसणार नाही हे नक्की. ताई, अजून तीन गोष्टी. आईला रक्तदाबाची गोळी आहे आणि ती साडीच नेसते. मुलीला शाळेत सांगितलंय की हवाईची माणसं ताऱ्यांवरून होडी न्यायची, तर ती ते बघायचं म्हणतेय. आणि जेलीफिशचं खरं काय?

साखरपेठ_ते_कैलुआ

गोळीचं तिच्या डॉक्टरांना विचार, प्रवासाच्या आधीच. उन्हात तास-दोन तास बसणार आहे आणि घाम वाऱ्याने कळत नाही, हे त्यांना सांग. पाण्याची बाटली तिच्या हाताशी बांधून ठेव.

साडी मात्र नको. भिजली की पायात गुंडाळते आणि पाण्यात पडल्यावर पाय हलवता येत नाहीत. सासूबाईंनी आधी ठाम नाही म्हटलं होतं. मी आग्रह केला नाही, घरी पंजाबी ड्रेसवर जॅकेट घालून आरशासमोर उभं केलं आणि मग त्याच म्हणाल्या, हे बरं आहे. ओढणी घरी ठेवायची. पूर्ण बाह्यांचं घाल, म्हणजे उन्हासाठी अंगाला लावायचं मलमही कमी लागतं. ते झिंक ऑक्साइडचं घे. प्रवाळाला अपाय करणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं असलेली मलमं हवाईत २०२१ पासून विकायला बंदी आहे, तेव्हा इथून नेतानाही डबीवरची नावं वाच.

जेलीफिश दोन तऱ्हेचे. पेटीच्या आकाराचे असतात ते दक्षिण किनाऱ्याला, वाइकीकीकडे, पौर्णिमेनंतर ८ ते १० दिवसांनी येतात. म्हणजे कॅलेंडरात कृष्ण अष्टमी ते दशमी बघून ठेवायची, आम्ही तेच करायचो. कैलुआला वाऱ्याबरोबर निळ्या फुग्यासारखे, लांब तंतूंचे येतात. वाळूवर निळे बुडबुडे पडलेले दिसले तर त्या दिवशी पोरांना पाण्यात सोडू नकोस. मेलेला दिसला तरी तंतू चावतो. कासवं दिसतील, त्यांच्यापासून निदान तीन मीटर लांब राहायचं. देवमासे मे महिन्यात नसतात, ते थंडीत येतात.

मुलीला माझ्याकडून सांग. 'होकुलेआ' नावाची होडी १९७६ साली हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्राशिवाय, सुमारे ४,००० किलोमीटर. वाट दाखवणारे माउ पिआइलुग हे मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे, कारण हवाईत ती विद्या येणारं तेव्हा कुणी उरलं नव्हतं. ती होडी उलांडीची नव्हे, दोन अंगांची जोडहोडी आहे. तिचं नाव ज्या ताऱ्यावरून ठेवलंय तो आपली स्वाती. हवाईच्या मोठ्या बेटावर स्वाती नेमकी डोक्यावरून जाते, म्हणून दक्षिणेकडून परतताना ती डोक्यावर आली की आपण बेटाच्या अक्षांशावर पोचलो हे कळायचं. सोलापूरही जवळपास त्याच अक्षांशावर असल्याने आपल्याकडेही ती डोक्यावरच येते. आत्ता रात्री नऊनंतर पूर्वेला उगवते. मे महिन्यात साडेदहा-अकराला गच्चीवर उताणं झोपून बघायचं, सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी तारा दिसतो तीच. निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा बघू दे, मग तिकडे भावाच्या अंगणातून बघू दे.

देवगडकरांचं मालवणचं मला पटलं. तेवढा वेळ नसेल तर निदान जवळच्या जलतरण तलावात आईला जॅकेट घालून पाच मिनिटं पाण्यात तरंगू दे. शरीर आपोआप वर राहतं हे एकदा अंगाला कळलं पाहिजे, सांगून ते कळत नाही.

मुलांच्या जॅकेटचं माप वयावर नसतं, वजनावर असतं. दोघांची वजनं आजच भावाला कळव आणि धाकट्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा आहे ना ते त्याला बघायला सांग. तो नसेल तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. शेजाऱ्यांकडे तसं नसेल तर भावाने तिथं आधीच विकत घेऊन ठेवावं.