शब्दचर्चा : सहानुभूती, समानुभूती की आणखी काही?

खडूफळा
तिसरी-चौथीच्या शिक्षकांसाठीची एक हस्तपुस्तिका मराठीत आणायचं काम चालू आहे. विषय : भावना ओळखणं, दुसऱ्याचं मन जाणणं. पहिल्याच धड्याच्या मथळ्यात 'एम्पथी' आहे. 'सहानुभूती' लिहिलं, तर तपासनिसांनी कापून 'समानुभूती' केलं. ते वाचून शिक्षक विचारतात, 'हा'चा 'मा' झालाय, छपाईची चूक का? काय ठेवावं?

कानामात्रा
तपासनीस बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 10 जीवनकौशल्यांची जी यादी आपल्याकडे डी.एड.ला शिकवतात, तिच्यात 'समानुभूती'च आहे. 'सहानुभूती' अर्जात गेली ('सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती'), नाहीतर निवडणुकीच्या लाटेत. दोन्हीकडे एक देणारा, एक मागणारा. 'अनुकंपा' तर नोकरीच्या फायलीतून बाहेरच येत नाही.

उपसर्ग
'सह' म्हणजे सोबत. त्यात देणारा-मागणारा कुठून आला? लोकांनी मळवला म्हणून शब्द टाकायचा, तर भाषेत उरेल काय? आणि 'सम' त्याहून वाईट. दुसऱ्यासारखंच मलाही वाटतं, हा दावाच खोटा. 'सहवेदना' घ्या. वेदना 'विद्' धातूपासून, म्हणजे जाणणं. पालीत सुखद वेदनाही असते.

मधली_सुट्टी
पालीत असेल हो. चौथीतल्या मुलाची वेदना म्हणजे दाढ दुखते ती.

'सम'बद्दल मात्र सहमत, कारण वर्गात त्यानं खरंच घोळ होतो. नेहमीचा प्रश्न : 'तुझा डबा सांडला असता तर तुला कसं वाटलं असतं?' मूल म्हणतं, 'काही नाही, मला भाजी आवडतच नाही.' संपला तास. प्रश्न सांडलेल्या डब्याच्या मालकाबद्दल होता, उत्तर स्वतःबद्दल आलं. त्याऐवजी चित्र दाखवून आधी फक्त दिसतं ते विचारायचं : मान कुठे आहे, हात काय करताहेत? मग अंदाज : त्याला काय वाटत असेल? किमान दोन वेगळे अंदाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग 'हे पक्कं कळायला त्याला काय विचारशील?' आणि शेवटी 'त्याला काय हवं असेल?' 35 मिनिटांच्या तासात एकच प्रसंग होतो. तीन घेतले की मुलं 'वाईट वाटलं, वाईट वाटलं' असं सुरात म्हणायला लागतात.

मानसशास्त्रज्ञ बॅट्सन यांनी 1997 मध्ये हाच फरक प्रयोगात तपासला. 'त्याला कसं वाटत असेल' असा विचार करणाऱ्यांत आस्था जागी झाली. 'मला कसं वाटलं असतं' असा विचार करणाऱ्यांत आस्थेबरोबर स्वतःचीच घालमेल वाढली.

कानामात्रा
मग टोरोंटोत 1996 ला मेरी गॉर्डन यांनी सुरू केलेला उपक्रम बघा. वर्षभरात नऊदा एक तान्हं बाळ आईवडिलांसह वर्गात येतं, हिरव्या चादरीवर ठेवतात, आणि मुलं ते का रडतंय हे ओळखतात. दात येण्याची कळ मुलांना होत नाही, त्यांना ती वाचायची असते. या हिशेबानं 'परानुभूती' बरी. हिंदीत चालतेही.

तिरकस
परानुभूती, तदनुभूती... थेट 'परकायाप्रवेश' का नाही? आपला अस्सल 'कळवळा' कुणाला आठवत नाही. कळ दुसऱ्याची आणि ती आपल्याकडे वळते, म्हणून कळवळा!

उपसर्ग
ही व्युत्पत्ती नव्हे, कोटी. आणि कळवळा दुःखाचाच असतो. मैत्रिणीला बक्षीस मिळालं म्हणून कुणी कळवळत नाही.

खडूफळा
मथळा जरा बाजूला ठेवतो, त्याहून मोठी अडचण आतल्या पानांत आहे. पुस्तिकेत भांडण मिटवायचा साचा दिलाय : 'तू अमुक केलंस तेव्हा मला तमुक वाटलं, कारण...' मराठीत मुलं बोलतात, 'तू पेन घेतलंस तेव्हा मला वाटलं तू चोर आहेस.' साचा पाळला आणि शिवीही दिली.

मधली_सुट्टी
कारण 'वाटणं' आपल्याकडे मत आणि भावना दोन्हींना लागतं. मुलांना जमणारी खूण अशी : 'वाटलं'नंतर 'की' घालता आला तर तो विचार, भावना नाही. 'मला वाटलं (की) तू चोर आहेस' हा विचार. भावनेचं नाव 'वाटलं'च्या आधी बसतं : वाईट वाटलं, भीती वाटली. सोपा उपाय म्हणजे साच्यातलं 'वाटलं' काढून 'आला/आली' ठेवायचं : 'न विचारता पेन घेतलंस तेव्हा मला राग आला, कारण माझं लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी विचार.' मराठीत राग येतो आणि जातो, हे फार सोयीचं आहे. 'मी दुःखी आहे' असली वाक्यं भाषांतरात ठेवूच नका.

उपसर्ग
आणि फळ्यावर 'मला टेन्शन आलंय', 'बोर होतंय' लिहू देऊ नका. धाकधूक, धास्ती, हुरहूर, कंटाळा हे शब्द असताना?

कानामात्रा
मूल बोलत असताना शब्द दुरुस्त केला की ते गप्प बसतं, मग भावना राहते बाजूला. 'टेन्शन' आधी स्वीकारायचं. मग विचारायचं, कुठे जाणवतं? पोटात गोळा, घशात आवंढा, की छातीत धडधड? खाकी कागदावर मुलाची बाह्याकृती काढून तिथेच रंगवायला लावलं की 'टेन्शन'चे तीन वेगळे शब्द आपसूक निघतात.

तिरकस
हे शब्द पट्ट्यांवर लिहून लावणार असाल तर 'राग' एवढ्यावर थांबू नका. धुसफुसणं, चिडणं, संतापणं अशी चढण लावा. दोरीवर चिमट्यांनी अडकवल्या की मुलं स्वतः जागा बदलतात. एका वेळी पाचच, आठ लावल्या की क्रमावरूनच मारामारी.

उपसर्ग
'रुसणं' त्या दोरीवर नको. मूळ 'रुष्' म्हणजे रागच, पण मराठीतला रुसवा कुणीतरी समजूत काढावी म्हणून असतो.

मधली_सुट्टी
म्हणूनच हवा. 'रुसलेल्याला काय हवंय' हे मुलं चटकन सांगतात. 'हिरमुसलेल्या'शी मात्र गल्लत करतात.

खडूफळा
हिरमुसणं आणि खट्टू होणं यांत जास्त कोणतं? शिवाय छापखान्याला मथळा सोमवारी द्यायचाय.

तिरकस
खट्टू कमी. चॉकलेट नाही मिळालं तर खट्टू, सहलीच्या यादीत नाव नसलं तर हिरमुसला.

उपसर्ग
उलट आहे.