‘चुकीचा माणूस’ की ‘भलता’? रीजन्सी प्रेमकथेतल्या काही शब्दांविषयी

प्रश्नकर्ती

मी १८१६ सालच्या, म्हणजे रीजन्सी (राजप्रतिनिधीच्या कारभाराच्या) काळातल्या इंग्लंडात घडणारी एक सोज्वळ प्रेमकथा मराठीत लिहिते आहे. नायिकेचं लग्न एका बड्या जमीनदाराच्या थोरल्या मुलाशी ठरत आलंय आणि तिचा जीव जडतो त्याच्या धाकट्या भावावर. हा धाकटा आरमारात लेफ्टनंट. नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपल्यामुळे अर्ध्या पगारावर घरी बसलेला. मलपृष्ठासाठी मी ओळ लिहिली, ‘ती चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडली.’ आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, “चुकीचा म्हणजे? दुसऱ्याच कुणाला तो समजली का?” तेव्हापासून ती ओळ मला खुपते आहे. इंग्रजीतला ‘राँग’ इथे मराठीत कसा आणायचा?

पुणेकर

आईंना खटकलं ते बरोबरच आहे. मराठीत गणित चुकतं, वाट चुकते, हिशेब चुकीचा निघतो. माणूसही चुकतो, पण तो स्वतः ‘चुकीचा’ नसतो. ‘चुकीचा माणूस’ म्हटलं की गफलत डोळ्यांपुढे येते, म्हणजे एकाला भेटायला गेलो आणि दुसऱ्यालाच भेटलो अशी. हल्ली हा प्रयोग सर्रास ऐकू येतो हे खरं, पण तुमच्या गोष्टीत ओळखीचा घोटाळा नाही. तो कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आपला जुना शब्द ‘भलता’. भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी, भलत्याच्या नादी लागणं. या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. जुन्या मराठीत ‘भलता’ म्हणजे कोणताही, वाटेल तो. तुकोबा ‘याति भलते नारी नर’ म्हणतात तेव्हा कोणत्याही जातीचे स्त्री-पुरुष या, असं बोलावणं असतं. त्यात दूषण नाही, उलट दार सताड उघडं आहे. मग ‘कोणताही’चा अर्थ ‘जो हवा तो सोडून कोणताही’ असा सरकला आणि शेवटी ‘नसावा तोच’ इथे येऊन थांबला. रीजन्सी काळातल्या लग्नाच्या व्यवहाराला हा शब्द मला फार चपखल वाटतो. घरच्यांनी निवडलेला एक सोडला तर बाकी सगळे भलतेच.

नागपूरकर

‘भलता’चा प्रवास आवडला, पण मलपृष्ठावर तो नको असं माझं मत. ‘भलत्याच्या नादी लागली’ हे वाक्य नेहमी दुसरं कुणीतरी बोलतं, म्हणजे काकू, शेजारीण, वडील. तिच्या मनातून ते निघतच नाही. शिवाय त्यात तुच्छता आहे. तुमच्या लेफ्टनंटाचा दोष काय, तर तो दोन वर्षं उशिरा जन्मला!

‘नको त्याच्यावर जीव जडला’ असं लिहून बघा. ‘नको’ची गंमत अशी की कुणाला नको ते त्यात सांगितलेलं नसतं. वाचणारा आपोआप विचारतो.

आणि मला वाटतं, इंग्रजी ‘राँग’ एकच असला तरी अशा गोष्टींत त्याच्या पोटात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. माणूस चांगला, पण पैशाने किंवा कुळाने जुळत नाही, तो ‘विजोड’ किंवा ‘अननुरूप’. माणूसच वाईट, जुगारी, बायकांना फसवणारा, तो ‘नादान’ किंवा ‘लफंगा’. आणि माणूस चांगला, कुळही जुळतं, पण एका स्थळाला होकार जात असताना मन दुसरीकडे वळतं, तेव्हा मात्र खरंच ‘भलत्याच्या’ प्रेमात पडणं. तुमची गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी आहे.

प्रश्नकर्ती

हे तीन भाग माझ्या लक्षातच आले नव्हते. पण पहिल्यात मला एक अडचण येते. धाकटा भाऊ विजोड कसा, हे मराठी वाचकाला पटेल का? आपल्याकडे दोघा भावांचा वाटा सारखा.

लंडनमधून

पटणार नाही, म्हणून ते शब्दातूनच दाखवावं लागेल. इथे जमीन आणि किताब थोरल्याकडे जायचे. धाकट्यांनी सैन्यात, आरमारात, वकिलीत किंवा चर्चमध्ये पोट भरायचं. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणारे दोन भाऊ, एक धनी आणि एक जवळपास आश्रित. ‘धाकटा’ हा आपल्याकडे लाडाचा शब्द आहे. गोष्टीत पहिल्यांदा येईल तेव्हा ‘धाकटा, म्हणजे बिनवाट्याचा’ असं कुणाच्या तरी तोंडी घाला. एकदा कानावर पडलं की पुढे नुसतं ‘धाकटा’ पुरेल.

‘सीझन’ला काय म्हणता आहात? बऱ्याच ठिकाणी ‘लग्नसराई’ वाचलं. ऐकायला छान, पण लग्नसराईत लग्नं लागतात. लंडनच्या सीझनमध्ये लग्नं जुळायची. पार्लमेंटचं अधिवेशन चालू असेतो बडी घराणी शहरात मुक्कामाला यायची, ईस्टरनंतर गर्दी वाढायची आणि उन्हाळा चढला की सगळे आपापल्या गावी परतायचे. किंग स्ट्रीटवरच्या ऑल्मॅक्स या नाचघरात बुधवारी रात्री प्रवेश मिळाला म्हणजे मुलगी मान्यवरांत गणली गेली. तो परवाना देणं-न देणं काही सरदारस्त्रियांच्या हाती होतं. मी ‘स्थळांचा हंगाम’ म्हणेन.

प्रश्नकर्ती

‘स्थळांचा हंगाम’ घेतला! आता ‘रेक’, म्हणजे बायकांच्या नादी लागलेला चैनी तरुण. थोरला भाऊ तसा आहे. मी ‘लंपट’ लिहिलं होतं.

पुणेकर

‘लंपट’ लिहिलंत की तो संपला. ‘रेक’ हे ‘रेकहेल’चं आखूड रूप, मुळात शिवीच. पण प्रेमकथांत त्याला सुधारायची वाट मोकळी ठेवलेली असते. ‘बाहेरख्याली’ आपण बहुतेक लग्न झालेल्याला म्हणतो. ‘छंदीफंदी’ किंवा ‘रंगेल’ पाहा. ‘रंगेल’मध्ये दोष आहे आणि थोडं कौतुकही. तेच हवंय ना? ‘गुलछबू’ मात्र त्याला म्हणू नका, तो कपड्यांचा नाद. आणि ‘डँडी’ला सरसकट गुलछबू म्हणणंही बरोबर नाही. त्या काळचा सगळ्यांत गाजलेला डँडी ब्यू ब्रमेल गडद कोट आणि कडक खळीचा पांढरा गळपट्टा एवढ्यावर मिरवायचा, भडकपणाचा त्याला तिटकारा. तुमच्या गोष्टीच्याच साली, १८१६मध्ये, तो कर्जापायी फ्रान्सला पळाला.

लंडनमधून

नागपूरकरांच्या तीन भागांना खऱ्या इतिहासातलं उदाहरण देतो, कारण ज्याच्या नावाने हा काळ ओळखला जातो त्याचीच गोष्ट आहे. तिसरा जॉर्ज आजारी, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ला युवराज राजप्रतिनिधी झाला आणि २९ जानेवारी १८२०ला बाप वारल्यावर राजा. मधली नऊ वर्षं ही खरी रीजन्सी.

या युवराजाने १५ डिसेंबर १७८५ला मारिया फिट्झहर्बर्टशी गुपचूप लग्न केलं होतं. ती दोनदा विधवा झालेली, वयाने मोठी आणि कॅथलिक. राजाच्या परवानगीवाचून राजघराण्यातलं लग्न १७७२च्या कायद्याने रद्दबातल, आणि कॅथलिक बायको केली तर गादीवरचा हक्क जायचा. म्हणजे सगळ्या बाजूंनी ‘भलती’. मग १७९५मध्ये ब्रुन्सविकच्या कॅरोलाइनशी त्याचं लग्न लागलं. ती राजकुळातली, प्रॉटेस्टंट, सख्खी आतेबहीण. कागदावर पूर्ण ‘अनुरूप’. एक मुलगी झाली आणि दोघं वेगळी झाली, पुन्हा कधी एकत्र नांदली नाहीत. १८३०मध्ये त्याला पुरलं तेव्हा गळ्यात मारियाचं लहानसं चित्र होतं.

आता यातली ‘राँग’ कोण? इंग्रजीत दोघींनाही तो शब्द लागतो. मराठीत मारियाला ‘नको ती’ म्हणावं लागेल आणि कॅरोलाइनला ‘विजोड’, कारण विजोड हे कुळाचंच नाही, स्वभावाचंही असतं.

नागपूरकर

हे वाचून माझंच मत मी दुरुस्त करतो. ‘विजोड’ मी फक्त पैसा-कुळापुरता ठेवला होता. जोड जमत नाही तो विजोड, मग कारण काहीही असो.

पुणेकर

त्या एका मुलीचं, राजकन्या शार्लटचंही आठवलं. बापाने ठरवलेल्या ऑरेंजच्या, म्हणजे नेदरलंड्सच्या, राजपुत्राला तिने १८१४मध्ये नकार दिला. बाप संतापला, तिच्यावर पहारे बसवायला निघाला, तेव्हा ती एकटी रस्त्यावर धावत येऊन भाड्याच्या गाडीने आईकडे गेली. पुढे २ मे १८१६ला तिने मनासारखं लग्न केलं. नवरा लिओपोल्ड, एका छोट्या जर्मन संस्थानातला धाकटा मुलगा! बापाला तो आधी पसंत नव्हता. दीड वर्षात, ६ नोव्हेंबर १८१७ला, बाळंतपणात ती गेली. त्याच्या आदल्या दिवशी इकडे पुण्याजवळ खडकीची लढाई झाली होती. हे दोन दिवस मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी पाहिले तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. आपण रीजन्सी म्हणतो ती आपली पेशवाईची शेवटची वर्षं.

प्रश्नकर्ती

माझ्या नायिकेच्या सालातलंच लग्न आहे हे! तिच्या तोंडी राजकन्येचा विषय आणतेच.

‘एंगेजमेंट’ला साखरपुडा म्हणू का?

वसईकर

साखरपुडा नको. त्यात साखर आहे, पुडा आहे, चार माणसं जमलेली आहेत. त्यांच्याकडे समारंभ असायलाच हवा असं नव्हतं, दिलेला शब्द हीच बांधिलकी. त्याला ‘वाङ्निश्चय’ जास्त जवळचा, वाचेने केलेला निश्चय. थोडा जड आहे, पण नायिकेचे वडील तो सहज म्हणतील. शब्द देऊन बसलेल्या पुरुषाला अब्रू राखून मागे फिरता येत नसे, वचनभंगाचा दावा लागायचा. बाईने नकार दिला तर लोक बोलायचे, पण ते निभायचं. तुमच्या थोरल्याने शब्द दिला असेल तर सुटका तिनेच करून द्यायची आहे, हे ध्यानात ठेवा.

बरं, शेवट पळून जाण्याचा आहे का? असेल तर ‘गांधर्व विवाह’ लिहू नका. १७५३च्या कायद्याने इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची संमती लागायची आणि तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचली जायची. आमच्या वसईत अजूनही लग्नाआधी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नावं वाचतात, त्यामुळे तो प्रसंग मला डोळ्यांपुढे दिसतो. सगळं गाव बसलंय, आपलं नाव आलं की मान आपोआप खाली जाते. त्या वाचनाच्या वेळी बाप उठून ‘नाही’ म्हणाला की संपलं. म्हणून जोडपी सीमेपलीकडे स्कॉटलंडात ग्रेटना ग्रीनला धावायची. लंडनहून तीनशे मैलांहून लांब. तिथे दोन साक्षीदारांपुढे ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की लग्न पक्कं, बऱ्याचदा लोहाराच्या दुकानात. गांधर्वाला साक्षीदार लागत नाहीत, इथे ते लागतात आणि कायदाही ते मानतो. ‘पळून जाऊन लग्न केलं’ हे साधं मराठी पुरेसं आहे.

प्रश्नकर्ती

पळून जात नाहीत. ती घरात राहूनच भांडते. पण माझी खरी अडचण संवादांत आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच. जवळीक कळते ती नावावरून: इतके दिवस ‘मिस’ आणि आडनाव, मग एकदा तो तिचं पाळण्यातलं नाव घेतो. मराठीत मला ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतलं एक निवडावंच लागतं.

पुणेकर

ही अडचण नाही, हे मराठीने तुम्हाला दिलेलं देणं आहे. त्यांच्याकडे जे एका नावात होतं ते आपल्याकडे सर्वनामात आणि क्रियापदात, प्रत्येक वाक्यात होतं. माझं सुचवणं असं: दोघंही ‘तुम्ही’वर राहोत. नाव घेतल्यावरसुद्धा तो ‘तुम्ही’च म्हणो. म्हणजे नाव जवळ येईल आणि क्रियापद अजून दूर असेल. ते अंतर वाचकाला जाणवेल. ‘तू’ फक्त एकदा, मागणी घालताना, तेही न ठरवता तोंडून निसटलेलं.

आणि तिने ‘तू’ म्हणावं का? मला वाटतं नाही. त्या काळात इंग्लंडातही कित्येक बायका नवऱ्याला लग्नानंतर ‘मिस्टर’ आणि आडनाव असंच हाक मारत. आपल्या ‘अहो’चा तो भाऊच. नाव न घेण्यातही माया असते हे ज्यांनी उखाणे ऐकलेत त्यांना सांगावं लागत नाही.

लंडनमधून

पुरवणी. ‘मिस’ आणि नुसतं आडनाव हा मान फक्त थोरल्या मुलीचा. धाकटीला ‘मिस’, नाव आणि आडनाव असं सगळं. थोरलीचं लग्न झालं की आडनावाचा मान धाकटीकडे येतो. नायिकेला थोरली बहीण असेल तर त्या एका हाकेत बरंच काही दाखवता येईल.

नागपूरकर

आणखी एक सापळा. त्या काळच्या पुस्तकांत ‘मेक लव्ह’ म्हणजे गोड बोलून मन वळवणं, त्याला ‘प्रियाराधन’ अगदी बरोबर बसतो. आजचा अर्थ धरला तर अनर्थ होतो. आपल्या ‘प्रणय’चंही तेच झालंय. संस्कृतात तो स्नेह आणि विश्वास होता, आता ‘प्रणयदृश्य’ म्हटलं की पडदा ओढावा लागतो. म्हणून तुम्ही ‘प्रणयकथा’ न म्हणता ‘सोज्वळ प्रेमकथा’ म्हणालात ते योग्य. ‘स्वच्छ प्रेमकथा’ कुणी सुचवलं तर ऐकू नका, बाकीच्या अस्वच्छ आहेत असं होईल.

वसईकर

‘सोज्वळ’ की ‘सोज्ज्वळ’? मूळ ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज आहेत.

पुणेकर

मूळ पाहिलं तर दोन, पण मराठीत ‘सोज्वळ’ रुळलाय आणि मी तसाच लिहितो. ‘उज्ज्वल’ लिहिताना मात्र दोन्ही ज सोडू नयेत.

प्रश्नकर्ती

ओळ बदलली: ‘घरात ज्याचं नावही कुणाला नको होतं, नेमका त्याच्यावरच तिचा जीव जडला.’ ‘भलता’ आतल्या पानात ठेवलाय, काकूच्या तोंडी.

वसईकर

‘नेमका’ काढा. ‘त्याच्यावरच’मधला ‘च’ पुरे आहे.