मल्टी-इंजिनला शिकवणं म्हणजे नुसती सही? सीएफआयकडे (स्कूलच्या मुख्य इन्स्ट्रक्टरकडे) जावं का?

कृष्णाकाठचा_पायलट:
सेनेका 2 वर (दोन इंजिनांचं विमान) मल्टी-इंजिन रेटिंग चालू आहे. स्कूलचं नाव घेत नाही. ब्रीफिंग म्हणजे विमानाकडे चालत जाताना जे काय बोलणं होईल तेवढंच. वर गेलो की न सांगता डावा थ्रॉटल मागे, म्हणजे डावं इंजिन गेलं असं समजायचं. मी रडर (नाक सरळ ठेवायचं पायाचं पेडल) दाबेपर्यंत सरांनी त्यांच्या बाजूने दाबलेलाच असतो, वर "झोपलास काय रे?" नाक सरळ राहतं, पण ते मी ठेवलं की सरांनी, काही पत्ता लागत नाही. उतरलो की लॉगबुकवर सही आणि सर चहाला. परवा विचारलं, स्पीड निळ्या रेषेखाली (एका इंजिनवर सगळ्यात चांगलं चढायचा स्पीड) गेला तर आधी काय करायचं? म्हणे, "चेकला (परीक्षेच्या उड्डाणाला) एवढं कोणी विचारत नाही." तासाचे पैसे बघितले तर पोटात गोळा येतो, बाबांनी जमीन गहाण ठेवलीय. सीएफआयकडे गेलो तर पुढे स्लॉट (उड्डाणाच्या वेळा) मिळतील का?

जुना_एफआय:
सरांनी पाय जवळ ठेवणं समजू शकतो, दाबणं नाही. अरे, जो पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन गेलं, ओळखायचं ते यावरूनच ना? मग थ्रॉटल मागे घेऊन खात्री, मग फेदर, म्हणजे बंद पंख्याची पाती हवेला धार करून वळवायची. पाय दुसऱ्याचाच असेल तर तू ओळखणार कशावरून? पुढच्या सॉर्टीआधी (उड्डाणाआधी) जमिनीवरच स्पष्ट सांग, "सर, आज रडर माझा."

आता तुझा प्रश्न. सेनेका 2 ची निळी रेषा 89 नॉट, लाल 66; लालखाली एका इंजिनवर विमान सरळ धरता येत नाही. निळीखाली गेलास तर नाक खाली, स्पीड परत आण. उंची गेली तर गेली. लालजवळ पूर्ण रडर देऊनही नाक वळायला लागलं तर चालू इंजिनचीही पॉवर कमी करायची. हात तयार होत नाही, म्हणून तर शिकवायचं असतं.

आणि कमी उंचीवर कोणी मिक्स्चर ओढून इंजिन बंद करत असेल तर त्या विमानात बसू नकोस. तिथे झीरो थ्रस्टवर भागतं, म्हणजे पॉवर एवढीच ठेवायची की पंखा ना ओढेल ना अडवेल.

उजवी_सीट:
तुझे सर दर वेळी डावंच मारतात का? सेनेकाचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे तिला क्रिटिकल इंजिनच (जे गेलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड, ते) नाही. डीए 42 किंवा बॅरन या दुसऱ्या विमानांवर डावं क्रिटिकल. त्यांना विचारून बघ, उत्तरावरून कळेल किती पाण्यात आहेत. एक इंजिन गेलं की पॉवर निम्मी होते, पण चढण्याची ताकद 80 टक्क्यांहून जास्त जाते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे ती किती उरेल, ते पीओएचच्या (विमानाच्या मॅन्युअलच्या) तक्त्यात स्वतः काढ. हे मात्र सरांवर ढकलू नकोस.

कृष्णाकाठचा_पायलट:
हो दादा, नेहमी डावंच! उजवं कधी मारलंच नाही.

शिरपूरची_ताई:
स्लॉटची भीती खरी आहे, आमच्या बॅचमध्ये एकाचे महिनाभर अडकवले होते. म्हणून एकटा जाऊ नकोस. त्याच सरांकडची आणखी दोघं-तिघं घे, आणि "सर वाईट आहेत" असं म्हणू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या सॉर्टीत ब्रीफिंग झालं नाही ते लिहून ईमेलवर द्या. तोंडी तक्रार सीएफआय चहाबरोबर गिळतात. इन्स्ट्रक्टर बदलून मागा, पैसे परत मागू नका. ते मागितलं की विषय अकाउंट्सकडे जातो आणि तिथेच पडून राहतो.