कसाऱ्याच्या घाटाआधी कूलंट : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१२०३ (सकाळी ७.४०)
सर्वांना नमस्कार. शनिवारी पहाटे आम्ही सहकुटुंब नाशिकला निघणार आहोत. आज पोडियमवर गाडीचे बोनेट उघडले, तेव्हा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली दिसली. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झाले, त्या वेळी ती वरच्या रेषेपर्यंत भरल्याची नोंद बिलावर आहे. गाडी पेट्रोलची असून तिला नंतर सीएनजी किट बसवून घेतले आहे. बाटलीत साधे पाणी घालून निघालो तर चालेल का, आणि रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहावे का? बी-६०४ मधील काकांनी कृपया सांगावे.

सी-३०२ (सकाळी ७.५२)
ताई, आम्ही इतकी वर्षे पाणीच घालत आलो आहोत. कूलंट हे मुळात थंड प्रदेशातील गाड्यांमधले पाणी गोठू नये म्हणून असते. ठाण्यात बर्फ पडत नाही, मग हा खर्च कशासाठी?

बी-६०४ (सकाळी ८.३५)
ताई, आधी झाकणाचे सांगतो, कारण बाकीच्या चुका पैशांनी भरून निघतात, ही निघत नाही. गाडी चालवून आणल्यावर रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका. चालू इंजिनातील कूलंट साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि घाटात किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत ते शंभराच्या पुढेही जाऊ शकते. तरीही ते उकळत नाही, याचे कारण ते झाकणच आहे. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आत धरून ठेवायचा, हे तो आकडा साधारण बारमध्ये सांगतो; एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेच्या दाबाइतका दाब. तेवढ्या दाबाखाली निव्वळ पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळते. झाकण फिरवले की दाब उतरतो, उकळण्याचे तापमान एका क्षणात खाली येते, आतल्या द्रवाच्या काही भागाची जागच्या जागी वाफ होते आणि ती वाफ उरलेला कढत द्रव घेऊन वर उसळते. त्या वेळी झाकण उघडणारा माणूस नेमका त्यावर वाकलेला असतो. जाड फडके गुंडाळून झाकण अर्धे फिरवायचे आणि वाफ जाऊ द्यायची, हा प्रकार काही गॅरेजांत चालतो. आपल्यापैकी कोणीही तो करू नये.

पातळी पाहण्यासाठी झाकण उघडावेच लागत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळची वेळ आणि सपाट जागा, एवढे पुरे आहे. रॅम्पवर उभ्या गाडीची पातळी खरी दिसत नाही. बाटली अर्धपारदर्शक असते, म्हणून तिच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरला की आतली रेषा दिसते. मात्र बाटली जुनी झाली की तिच्या आतल्या बाजूला पिवळट डाग धरतो, आणि रिकाम्या बाटलीतही तो डागच पातळी असल्याचा भास होतो. गाडीला हाताने थोडा हेलकावा द्यावा. जे हलेल ते कूलंट, जे हलणार नाही तो डाग. पातळी दोन रेषांच्या मध्ये असणे योग्य आहे. वरच्या रेषेच्या वर भरू नये, कारण तापल्यावर कूलंट प्रसरण पावते आणि त्यासाठी ती मोकळी जागा ठेवलेली असते.

बाटल्या दोन प्रकारच्या असतात, हे लक्षात ठेवावे. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असते आणि बाटलीत दाब नसतो; इंजिन थंड होताना झाकणातील छोटी झडप उघडते आणि बाटलीतील कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. ते झाकण किंवा मधली नळी खराब झाली, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा अशी फसवी स्थिती निर्माण होते. अशा गाडीत गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडूनही एकदा पाहावे. दुसऱ्या प्रकारात बाटलीलाच आट्यांचे झाकण असते आणि तीच दाबाखाली असते. तिला नुसती बाटली समजून गरम असताना उघडणारे लोक भाजतात.

बोनेट उघडे असताना ओढणी, मोकळे केस आणि बोटे रेडिएटरच्या पंख्यापासून दूर ठेवा. पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होतो.

सी-३०२ (सकाळी ८.५०)
काका, झाकणाचे पटले. पण पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले.

बी-६०४ (सकाळी ९.२०)
साहेब, गोठण्याचा मुद्दा आपण म्हणता तसा ठाण्यात खरोखर लागू नाही. पण कूलंटचे ते एकच काम नाही. इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे ते मिश्रण असते. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असेल, तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि त्याच झाकणाखाली १२५ अंशांच्या पुढे जाऊनच उकळते. आपल्याला उपयोग आहे तो या दुसऱ्या आकड्याचा. त्याहून मोठा उपयोग गंजरोधकांचा आहे. इंजिनाचे हेड आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे, काही इंजिनांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि या सगळ्यांतून तोच द्रव फिरतो. निव्वळ पाण्याने आतून गंज चढतो आणि वॉटर पंपाचे सील लवकर झिजते.

त्यात आपल्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि तेथे तो खरवडता येत नाही. एसीचे टपकणारे पाणी काही जण साठवून वापरतात. त्यात क्षार नसतात हे खरे, परंतु धूळ आणि एसीच्या कॉइलवरची घाण त्यात उतरलेली असते, म्हणून तेही नको.

कूलंटच्या रंगावरूनही निवड करू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपल्या सोयीने देतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गुलाबी कूलंटमधील रसायने वेगळी असू शकतात. न जुळणारी मिश्रणे एकत्र झाली की गंजरोधकांचा परिणाम कमी होतो आणि काही वेळा गाळ धरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे कूलंट दिले आहे तेच घ्या. डबा तयार मिश्रणाचा आहे की पाणी न मिसळलेल्या कॉन्सन्ट्रेटचा, हेही वाचून घ्या, कारण कॉन्सन्ट्रेट तसेच ओतले तर ते तयार मिश्रणापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. त्यात डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे लागते. कूलंट किती वर्षांनी किंवा किलोमीटरनी बदलायचे, तेही मॅन्युअलच सांगेल. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत दोन-तीन वर्षांची, तर नव्या दीर्घायुषी कूलंटची पाच वर्षे किंवा त्याहून अधिक असते. रस्त्यात अडचण आलीच, तर गॅरेज गाठण्यापुरते पिण्याचे पाणी घालायला हरकत नाही, पण नंतर ते काढून मिश्रण नीट करून घ्यावे.

आता ताईंचा खरा प्रश्न. कूलंट हे बंद व्यवस्थेत फिरते; ते पेट्रोलसारखे खर्च होत नाही. महिन्याभरात पातळी एका रेषेवरून दुसरीच्याही खाली आली, याचा अर्थ ते कोठून तरी बाहेर जात आहे, किंवा इंजिनात जळत आहे. बाटली भरली म्हणजे काम झाले, असे समजून कसारा चढू नये.

सीएनजीच्या गाडीत एक जागा मी सर्वांत आधी पाहीन. टाकीतील गॅस सुमारे २०० बार दाबाचा असतो. तो रिड्यूसरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, उतरतो तेव्हा फार थंड होतो आणि रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाचे गरम कूलंट त्यातून फिरवलेले असते. त्यासाठी किट बसवताना मूळ होज (रबरी नळी) कापून तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडतात, जादा पाइप टाकतात आणि प्रत्येक टोकाला क्लॅम्प लावतात. गळतीच्या जागा तेवढ्या वाढतात. गाडी थंड असताना ते प्रत्येक टोक पाहा. ओल दिसेलच असे नाही, कारण गरम भागावर कूलंट वाळते आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरखरीत थर उरतो. अशी खूण बहुतेक वेळा सापडते.

तेथे काही नसेल, तर वॉटर पंपाच्या खालची बाजू, रेडिएटरचे दोन्ही मोठे होज आणि गाडीच्या आत डॅशबोर्डखालचे कार्पेट तपासा. आपण मुंबई-ठाण्याचे लोक हीटर लावत नाही, म्हणून त्याची आठवण राहत नाही. परंतु त्याच्या छोट्या रेडिएटरमधूनही कूलंट जाते. तो गळू लागला की आत गोडसर वास येतो आणि काचेवर चिकट धुके धरते. बाहेर काहीच सापडले नाही आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहिली, किंवा डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये.

डी-८०१ (सकाळी ९.४५)
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी जोडते. वाफेने किंवा कूलंटने भाजले, तर अंगठ्या आणि बांगड्या लगेच काढाव्यात आणि तो भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. चेहरा, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल, तर रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर हे खास भाजलेल्या रुग्णांसाठीचे रुग्णालय आहे.

दुसरी गोष्ट, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची चव गोड असते. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत उरलेले कूलंट कोणीही भरून ठेवू नये. ते पोटात गेल्यावर माणूस प्रथम दारू प्यायल्यासारखा गुंगतो, आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. उपचार लवकर सुरू झाले तर जीव वाचतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बी-११०२ (सकाळी १०.०५)
पोडियमवर दुसऱ्या खांबाजवळ हिरवट थारोळे दोन दिवसांपासून आहे आणि मांजरे तेथे फिरतात. त्याचे काय करावे?

डी-८०१ (सकाळी १०.१२)
मांजरांना त्याची फार थोडी मात्रासुद्धा मारक ठरते. ते आजच काढले पाहिजे. एखादे मांजर झोकांड्या खाताना किंवा सारखी उलटी करताना दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

बी-६०४ (सकाळी १०.२५)
हाउसकीपिंगच्या लोकांना मी सांगतो. त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून, द्रव शोषला गेल्यावर ते हातमोजे घालून पिशवीत भरायचे आणि मगच जागा साबणाच्या पाण्याने घासून फडक्याने टिपून घ्यायची. पाइप लावून ते गटारात लोटू नये. आपल्या पावसाळी गटारांचे पाणी नाल्यातून खाडीला जाते. जुने कूलंट बदलून घेताना तेही गॅरेजमध्येच सोडावे. त्या खांबाजवळ ज्यांची गाडी असते, त्यांनी आपली बाटली आज पाहावी, ही विनंती.

ए-४०२ (सकाळी ११.००)
आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. तिलाही हे लागू होते का?

बी-६०४ (सकाळी ११.०८)
तिच्यातही कूलंट असते, पण बॅटरीसाठी काही कंपन्या वीज फारच कमी वाहून नेणारे खास कूलंट वापरतात. आपण फक्त पातळी पाहावी. भरण्याचे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे सोडावे.

ए-१२०३ (सायंकाळी ६.३०)
काका, आपण सांगितले तसेच निघाले. रिड्यूसरला जाणाऱ्या होजच्या टोकाशी गुलाबी थर होता. मेकॅनिकने गार इंजिनावर पंपाने दाब देऊन पाहिले, तेव्हा तेथूनच थेंब आले. तो होज आणि दोन्ही क्लॅम्प बदलले, मॅन्युअलमधील कूलंट भरले आणि आतली हवाही काढली. तरीही घाटात तापमानाचा काटा वर गेला तर काय करावे, हे विचारून ठेवते.

बी-६०४ (सायंकाळी ७.०५)
काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर सर्वांत गरम व सर्वांत जोरात लावा. आत उकडेल, पण इंजिनातील उष्णता तेवढी बाहेर निघेल. तरी काटा उतरला नाही किंवा लाल दिवा लागला, तर पुढच्या वळणापर्यंत रेटू नका. सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हॅझर्ड दिवे लावा आणि मुलांना घेऊन कठड्याच्या पलीकडे, रस्त्यापासून दूर उभ्या राहा. बोनेटमधून वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत ते उघडूही नका. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाण्याची भीती असते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. आणखी एक, कूलंट बरेच निघून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली आलेला दिसतो. वाफ किंवा गोड वास असताना काटा खाली आला, तर गाडी थंड झाली असे समजू नका.

आता उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पातळी पाहा. उरलेली हवा निघाल्यामुळे ती एकदा थोडी उतरेल. ती गार इंजिनावरच वरच्या रेषेपर्यंत भरा. नंतर दिवसभर नेहमीप्रमाणे गाडी वापरा आणि शनिवारी पहाटे पुन्हा पाहा. तेवढीच राहिली असेल तर निघा, आणि तयार मिश्रणाचा एक लिटरचा डबा सोबत ठेवा. पुन्हा उतरली असेल, तर गाडी येथेच ठेवून ट्रेनने किंवा एसटीने जा.

ए-१२०३ (सायंकाळी ७.१५)
ठीक आहे काका. शनिवारी पहाटे पातळी पाहून ग्रुपवर कळवते.