पासपोर्ट २ मार्चला संपतोय आणि १४ नोव्हेंबरला सिंगापूर, जाता येईल का?

गोदाकाठ (६ ऑक्टोबर, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासू-सासरे असे पाच जण १४ नोव्हेंबरला मुंबईहून सिंगापूरला निघतोय, २१ ला परत. तिकिटं जुलैतच काढलीत, हॉटेलचे अर्धे पैसे भरलेत, व्हिसाचे पेपर तेवढे द्यायचे राहिलेत. आज ते पेपर गोळा करायला बसले आणि सासऱ्यांचा पासपोर्ट उघडला तर मुदत २ मार्च २०२६! म्हणजे जाऊन येईपर्यंत पासपोर्ट चालू आहेच, पण सहा महिने शिल्लक लागतात असं कुठेतरी ऐकल्यासारखं आठवतंय. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्या टूरवाल्यांना लगेच फोन लावला तर म्हणाले, 'काही होत नाही मॅडम, संपलेला तर नाही ना, चालून जाईल.' नवरा म्हणतो ते रोज माणसं पाठवतात, त्यांना कळतं. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही.

अजून एक, याच पासपोर्टवर सासऱ्यांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, २०२७ पर्यंतचा, नणंद तिकडे असते. नवीन पासपोर्ट काढला तर तो व्हिसा वाया जातो का? आणि पत्ताही जुना गावचा आहे, जळगाव जिल्ह्यातला, आता ते आमच्याकडे नाशिकला असतात. पाच आठवड्यांत हे सगळं होईल का? कुणाला खरा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सह्याद्रीवेडा (६ ऑक्टोबर, रात्री ११:०५)

ताई टेन्शन घेऊ नका, आम्ही गेल्या वर्षी लंडनला गेलो तेव्हा बायकोच्या पासपोर्टला जेमतेम चार महिने राहिले होते, ना इथे कोणी विचारलं ना तिकडे. सहा महिन्यांचं एजंट लोक उगाच घाबरवतात असं माझं मत.

पिंपळपान (६ ऑक्टोबर, रात्री ११:३८)

दादा, तुमचा अनुभव खरा आहे पण तो इंग्लंडचा आहे. तिथे राहण्याच्या काळापुरता पासपोर्ट चालू असला तरी पुरतो, जपानचंही तसंच. सिंगापूर, थायलंड, दुबई, इंडोनेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका ही सगळी सहा महिनेवाली मंडळी आहेत. एका देशाचा अनुभव दुसरीकडे लावू नका एवढी हात जोडून विनंती, कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे.

२०१८ ची गोष्ट. बहीण दुबईला असते, तिला मुलगी झाली, बारशाला आई-बाबा निघाले. बाबांच्या पासपोर्टला पाच महिने अकरा दिवस शिल्लक होते. व्हिसा काढून देणाऱ्याने पेपर घेतले तेव्हा तारीख बघितलीच नाही, व्हिसा कसा काय आला ते आजही कळलेलं नाही, पण आला, त्यामुळे आम्ही निर्धास्त. आईने डिंकाचे लाडू, बाळाचं कुंची-झबलं, चांदीचा वाळा असं सगळं बांधलेलं. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलीने पासपोर्ट हातात घेतला, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं, मग सीनियरला बोलावलं आणि सांगितलं की यांना बोर्डिंग पास देता येणार नाही. आम्ही व्हिसा दाखवला, परतीचं तिकीट दाखवलं, विनवण्या केल्या, काही उपयोग नाही. शेवटी आई एकटी गेली. जन्मात कधी एकटीने विमानप्रवास केलेला नव्हता तिने, आत जाताना मागे वळून वळून बघत होती. बाबा माझ्यासोबत टॅक्सीने घरी परत आले, सगळा रस्ता एक शब्द बोलले नाहीत. बारसं त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं. तिकिटाचे पैसे गेले त्याचं इतकं वाटलं नाही, पण बाबांचा तो चेहरा विसरत नाही.

तुमच्याकडे पाच आठवडे आहेत ताई, आमच्याकडे तीन तास होते. उद्याच्या उद्या अर्ज करा.

विमानतळ_ड्युटी (७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

नाइट ड्युटी संपवून आत्ता वाचतोय. मी ग्राउंड स्टाफमध्ये आहे, आतली बाजू सांगतो. काउंटरवर आम्ही स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. टायमॅटिक नावाची यादी असते, आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना चालवते ती. पॅसेंजर कुठल्या देशाचा, चालला कुठे, पासपोर्ट कधी संपतो एवढं टाकलं की जाऊ द्यायचं की नाही ते समोर येतं. तिथे नाही आलं की आमच्या हातात काही राहत नाही, कारण चुकीच्या कागदांवर माणूस नेला आणि समोरच्या देशाने आत घेतला नाही तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनची असते आणि वरून दंडही बसतो. आजी-आजोबा बॅगा घेऊन बाजूला बसलेले बघताना आमच्याही पोटात कालवतं हो, पण सोडता येत नाही.

सहा महिने कधीपासून मोजायचे यावरही लोक फसतात. काही ठिकाणी पोचल्याच्या दिवसापासून धरतात, काही ठिकाणी तिथून परत निघायच्या दिवसापासून. युरोपात शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांना तर परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने लागतात, शिवाय तो पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे. म्हणून मी घरच्यांना सांगतो की परतीच्या तारखेत सहा महिने मिळवा. तुमची परतीची तारीख २१ नोव्हेंबर, म्हणजे २१ मे २०२६ च्या पुढची मुदत हवी, आणि तुमच्याकडे आहे २ मार्च. हा पासपोर्ट चालणार नाही. ते 'चालून जाईल' म्हणणारे विमानतळावर तुमच्या बाजूला उभे नसतात.

जाता जाता, आख्ख्या घराचे पासपोर्ट आज पुन्हा एकदा उघडून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट दहा नाही, पाचच वर्षांचा असतो. हे खूप लोकांच्या लक्षात राहत नाही आणि आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त रडारड त्यावरूनच होते.

गोदाकाठ (७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५)

विमानतळ दादा, तुमचं वाचून पोळ्या टाकता टाकता गॅस बंद करून कपाट उघडलं. लेकीचा पासपोर्ट १० जानेवारी २०२६ ला संपतोय!! काल मी फक्त मोठ्यांचे बघितले, तिचा 'आत्ताच तर काढलाय' म्हणून उघडलासुद्धा नव्हता. हात थरथरतायत. सासूबाईंचा २०२९, आमच्या दोघांचे २०३० चे आहेत, ते ठीक. आता दोघांचं काय आणि कसं करू सांगा. एक एजंट जवळच बसतो, त्याच्याकडे जाऊ का?

दप्तरी (७ ऑक्टोबर, सकाळी १०:२०)

ताई आधी पाणी प्या, वेळ पुरेसा आहे. गेल्या दोन वर्षांत घरातले चार पासपोर्ट मी स्वतः केलेत, एजंटची काही गरज नाही. फक्त सरकारी साइटवरच जा, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. सर्च केलं की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्या साइट वर येतात आणि जादा पैसे उकळतात, तेव्हा पत्ता स्वतः टाइप करा.

तिथे याला रिन्यूअल म्हणत नाहीत, रीइश्यू म्हणतात, आणि कारण विचारतात तिथे मुदत संपत आल्याचा पर्याय असतो तो घ्यायचा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुमचे दोन्ही मार्चमध्येच करता आले असते, असो. सासऱ्यांचा पत्ता बदललाय तर 'माहितीत बदल' मध्ये पत्त्यावर खूण करायला विसरू नका. आधारवर नाशिकचा पत्ता आहे का? नसेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा लागेल, ते आज बघून घ्या, कारण माणसं पासपोर्ट सेवा केंद्रावरून परत येतात ती बहुतेक याच कारणाने.

नॉर्मलला मोठ्यांचे ३६ पानी पुस्तकाचे १५०० रुपये, लहानांचे १०००, तत्काळचे त्यावर २००० जादा. नॉर्मलमध्येसुद्धा पाच आठवड्यांत होऊ शकतं, पण पोलीस पडताळणी आधी लागली आणि मध्ये दिवाळी आली तर कुठे अडकेल सांगता येत नाही, त्यात तुम्हाला नंतर व्हिसालाही वेळ हवाय. तत्काळच करा असं मी म्हणेन. अपॉइंटमेंट घेताना ऑनलाइन नेहमीची फी भरायची, वरचे २००० केंद्रात अर्ज मंजूर झाल्यावर घेतात. तत्काळला मोठ्या माणसाची तीन ओळखपत्रं लागतात, आधार, पॅन, मतदान कार्ड, रेशन कार्ड, पेन्शनचे कागद वगैरे यादीतली कुठलीही, पण नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी पाहिजे. जुन्या लोकांच्या कागदांवर एकीकडे नुसतं वर्ष असतं नाहीतर दुसरीकडे वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, तेव्हा आज रात्री दिव्याखाली बसून एकेक अक्षर जुळवा. जुन्या पासपोर्टची पहिली दोन आणि शेवटची दोन पानं झेरॉक्स करून त्यावर सही.

लेकीच्या अर्जाला अनेक्श्चर डी, म्हणजे पालकांच्या संमतीचा फॉर्म लागतो, त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या, तुमच्या दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स, शिवाय तिचं आधार, जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवा. फोटो तिथेच काढतात, चार वर्षांखालच्या बाळांचाच तेवढा न्यावा लागतो. सेवा केंद्रात ए, बी, सी असे तीन काउंटर होतात. ए ला स्कॅनिंग, फोटो, बोटांचे ठसे, पुढच्या दोन ठिकाणी अधिकारी कागद बघतात. सासऱ्यांसोबत बसायला कोणीतरी जा आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळा.

आणि एक महत्त्वाचं. अर्ज मंजूर झाला की जुना पासपोर्ट तिथेच रद्द करतात, मग नवीन हातात येईपर्यंत परदेशात जाता येत नाही. म्हणून हे प्रवासाच्या आठवडाभर आधी करायचं काम नाही. पोलिसांचा फोन पासपोर्ट आल्यानंतरही येऊ शकतो, तो टाळू नका, कागद घेऊन जाऊन या.

सगळ्यात शेवटी व्हिसा, तो नवीन नंबरवर काढायचा. आधी जुन्या नंबरवर काढून ठेवलात तर ते पैसे पाण्यात. टूरवाल्यांना आजच सांगून ठेवा की या दोघांचे पेपर थांबवा.

जर्सीकर (८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

अमेरिकेच्या व्हिसाचं मी सांगतो, मी न्यू जर्सीत असतो. व्हिसा वाया जात नाही. रद्द केलेला जुना पासपोर्ट तुम्हाला परत मिळतो, त्यातला व्हिसा फाटलेला किंवा खराब झालेला नसला आणि त्यावर रद्दचा शिक्का पडलेला नसला की त्याच्या तारखेपर्यंत चालतो. प्रवासाला जुना आणि नवीन दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवायचे, माझे आई-बाबा तसेच आले होते. केंद्रात देतानाच 'यात चालू व्हिसा आहे' असं काउंटरवर सांगा आणि घरी आल्यावर ते पान नीट बघून घ्या.

अमेरिकेत सहा महिन्यांचा नियम भारतीयांना तसा लागत नाही, ज्या देशांना सूट आहे त्या यादीत भारत आहे. पण त्यामुळेच मी गाफील राहिलो. २०२२ मध्ये भारतात जाऊन परत आलो, एच-१बी ची, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी २०२४ पर्यंत होती, पासपोर्ट मात्र पुढच्या सात-आठ महिन्यांत संपणारा. विमानतळावर कोणी काही बोललं नाही, हसून वेलकम बॅक म्हणाले. दोन महिन्यांनी लायसन्सच्या कामाला आय-९४ (अमेरिकेत आल्यावर कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) काढला तर त्यावर मुक्कामाची तारीख मंजुरीची नाही, पासपोर्ट संपायची! म्हणजे त्या तारखेनंतर माझं इथे राहणंच बेकायदा झालं असतं आणि मला कळलंही नसतं. बायको, इथे जन्मलेला मुलगा, घराचं कर्ज, सगळं त्या एका तारखेवर लटकलेलं. घाईने नवीन पासपोर्ट काढला, तारीख यायच्या आत पुन्हा भारतात जाऊन परत एंट्री घेतली तेव्हा पूर्ण मुदत मिळाली, पण ते चार महिने धड झोप लागली नाही. इथे नोकरीला असणारं कोणी वाचत असेल तर आल्या दिवशी आय-९४ ऑनलाइन बघा, आणि पासपोर्टला वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर निघायच्या आधीच नवीन काढा.

गोदाकाठ (१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०)

आज वसुबारस, दिवे लावून झाले आणि आधी इथे लिहायला बसले. १३ तारखेची तत्काळची अपॉइंटमेंट मिळाली, नाशिकच्या केंद्रात सगळं मिळून तीन तास लागले. सासऱ्यांच्या रेशन कार्डावर नावात एक अक्षर वेगळं निघालं, पण दप्तरींनी सांगितल्याप्रमाणे आधीच जुळवून बघितलं होतं म्हणून त्याऐवजी पेन्शनचे कागद नेले आणि निभावलं. लेकीने तिथल्या कॅमेऱ्यासमोर तीनदा डोळे मिटले, त्या बाईंनी इतक्या मायेने समजावून चौथ्यांदा काढला. आज दुपारी पोस्टमनकाका दोन्ही पासपोर्ट देऊन गेले.

टूरवाल्यांना फोन करून सिंगापूरचा नियम वाचून दाखवला, ते 'हो का, बघतो' एवढंच म्हणाले. मला याचं फार वाईट वाटतं, कारण माझ्यासारखे किती जण त्यांच्या त्या 'चालून जाईल' वर विसंबून पैसे भरत असतील. पाचही जणांचे व्हिसाचे पेपर आता सोमवारी देतेय, तिकिटांवर दोघांचे नवीन पासपोर्ट नंबर बदलून घेतलेत. अमेरिकेच्या व्हिसाचं पान शाबूत आहे.

पिंपळपान, तुमच्या बाबांची गोष्ट मी सासऱ्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले 'त्यांना विचार, नंतर दुबईला गेले का ते?'

पिंपळपान (१७ ऑक्टोबर, रात्री ९:४५)

गेले हो. नवीन पासपोर्ट काढून चार महिन्यांनी गेले, नात तेव्हा पालथी पडायला लागली होती. काकांना माझा नमस्कार सांगा.

सह्याद्रीवेडा (१७ ऑक्टोबर, रात्री १०:०२)

मी वर जे लिहिलं ते न तपासता लिहिलं होतं ताई, माफ करा. आमचा फेब्रुवारीत बालीचा बेत आहे, आत्ता बायकोचा पासपोर्ट बघितला, अर्ज भरायला घेतलाय. दप्तरी, पत्ता तोच असेल तरी आधार लागतंच का?

दप्तरी (१७ ऑक्टोबर, रात्री १०:२०)

सध्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून घेऊन जा, सोबत ठेवलेलं बरं. आणि वहिनींचं लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर आणि आधारवर एकच आहे ना ते आधी बघा.